मिक्सरवरच्या निर्मलाताई

निर्मलाताई खैरनार आमच्या मंडळात पहिल्यांदा आल्या त्या भांडायला.

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये आमच्या सोसायटीच्या मागे बागेला लागून एक लहानसं सभागृह आहे. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे आम्ही निवृत्त मंडळी जमतो आणि कराओकेवर जुनी गाणी म्हणतो. मोबाईलवरून नुसतं संगीत लावायचं, माईक हातात धरायचा आणि आपल्याला येईल तसं गायचं. मी स्वतः गात नाही, निवेदन करतो. या गाण्यांसाठी आम्ही सगळ्यांनी मिळून एक मिक्सर घेतला होता. स्वयंपाकघरातला नव्हे, आवाजाचा. सगळे माईक आणि मोबाईल त्याला जोडायचे. त्याच्या पोटातच अँप्लिफायर, तिथून वायरी थेट दोन स्पीकरना. आणि त्याच पोटात इको. इकोचं बटण फिरवलं की गाणारा दरीत उभा राहून गातोय असं वाटतं. आमच्या वयाला हे फार सोयीचं, कारण दम संपला तरी आवाज थोडा वेळ एकटाच पुढे चालत राहतो.

त्या गुरुवारी आमचे अध्यक्ष पाटणकर यांचं गाणं नुकतंच संपलं होतं. टाळ्या वाजवून झाल्या आणि दार ढकलून साठी ओलांडलेल्या एक बाई आत आल्या. सुती साडी, खांद्यावर घट्ट पिन, पायांत टकटक वाजणारी चप्पल.

"मी समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाण्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला जसं येतं तसं त्याने गावं. पण गाणं थांबलं तरी मागे ती जी सूं चालू राहते ना, ती कित्येक आठवडे मी ऐकतेय. ती बंद करा."

"ती मशीनचीच आहे ताई," पाटणकर म्हणाले. "ती असतेच."

"कोणी सांगितलं?"

पाटणकरांनी आमच्याकडे पाहिलं. तसं कोणीच सांगितलं नव्हतं. आम्हीच ठरवून टाकलं होतं. कोणी म्हणालं होतं स्पीकर गेले, कोणी म्हणालं होतं सभागृहाचं वायरिंग जुनं आहे, आणि मग आम्हाला त्या आवाजाची सवय झाली होती.

बाई मिक्सरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "पंखे बंद करा. आणि सगळे गप्प बसा."

आम्ही गप्प बसलो. त्यांनी एकेका माईकचं बटण खाली आणायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी डावा कान स्पीकरकडे करून, डोळे मिटून, हलक्या आवाजात विचारायच्या, "हा बोलतोय का? नाही. हा? हाही नाही." सगळे माईक बंद झाले, सूं चालूच. मोबाईलची वायर काढली, तरी चालूच. मग त्यांचं बोट इकोच्या बटणाशी आलं. ते त्यांनी शून्यावर नेलं, आणि सभागृह असं काही शांत झालं की बाहेर कुल्फीवाल्याची घंटा ऐकू आली. तो रोज तिथेच उभा असायचा. आम्हाला तो कधी ऐकूच आला नव्हता.

"सापडला," त्या म्हणाल्या. "हा मधे बोलत होता."

मग त्यांनी आम्हाला समजावलं ते असं: प्रत्येक माईकमधून थोडा आवाज इकोकडे पाठवावा लागतो, आणि इकोने घोळवलेला आवाज दुसऱ्या एका बटणाने परत घ्यावा लागतो. आम्ही पाठवत होतो अगदी चिमूटभर आणि परत मागत होतो बादलीभर. मग तो इको स्वतःच्या पोटातली हवाच आम्हाला देत होता. "पाठवताना भरपूर पाठवा, परत घेताना बेताने घ्या," असं म्हणून त्यांनी बटणं नीट बसवून दिली. पाटणकरांनी एक ओळ गाऊन पाहिली. इको होता, सूं नव्हती. आम्ही टाळ्या वाजवल्या, तोवर बाई गेल्याही होत्या.

पुढच्या गुरुवारी आम्ही त्यांना बोलवायला त्यांच्या दारात गेलो. "मला गाता येत नाही," त्या म्हणाल्या.

"आमच्यातल्या बऱ्याच जणांना येत नाही," पाटणकर म्हणाले.

त्या हसल्या आणि पायात चप्पल सरकवली. तेव्हापासून मिक्सर त्यांचा झाला.

निर्मलाताईंची सगळी नोकरी टेलिफोनमध्ये झाली. आधी ऑपरेटर. गावोगावचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे, कानाला सतत तो हेडफोन. पुढे ती पद्धतच गेली, तेव्हा तक्रार विभागात. लग्न केलं नाही. का केलं नाही हे त्यांनी सांगितलं नाही आणि त्यांना विचारण्याची आमच्यात कोणाची छाती नव्हती. फोन आला की त्या हॅलो म्हणायच्या नाहीत. "बोला" म्हणायच्या, आणि मग समोरचा बोलेपर्यंत एक शब्द नाही. अनोळखी माणूस घाबरून फोन ठेवायचा.

त्यांच्यासाठी प्रत्येक नको असलेला आवाज म्हणजे एक माणूस होता, दोघांच्या बोलण्यात घुसलेला तिसरा. घूं असा आवाज आला की त्या म्हणायच्या, "हा विजेच्या वायरीतून आलाय, याला दुसऱ्या प्लगवर पाठवा." खरखर आली की, "याच्या घशात धूळ गेलीय," आणि पिशवीतून रंगाचा बारीक ब्रश काढून बटणाच्या फटी साफ करायच्या. माहेर सटाण्याकडचं. एरवी भाषा अगदी शहरी, पण आवाज सापडेना की माहेरची बोली उसळून यायची. मिक्सरवर वाकून, कमरेवर हात ठेवून त्या दरडावून विचारायच्या, "कोन शे रे तठे?" म्हणजे, कोण आहे रे तिथे? आम्ही हसायचो. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

माईक चालू आहे का बघायला कोणी त्यात फुंकर मारली की संपलंच. "चूल पेटवायची फुंकणी आहे का ती? नाव सांगा स्वतःचं, म्हणजे आवाजही कळेल आणि माणूसही." मला त्या कायम 'अहो निवेदक' म्हणत. मी थोडं जास्त बोलतो असं त्यांचं मत होतं, आणि मी बोलत असताना त्या माझा माईक अगदी हळूहळू खाली आणत. शेवटी मला स्वतःलाच वाटायचं, आता पुरे.

पाटणकरांना इकोचं वेड. दर गाण्याआधी ते हाताने खूण करायचे, वाढवा, वाढवा. एकदा मी ताईंच्या शेजारीच उभा होतो. त्यांनी मान डोलावली आणि एक बटण चांगलं अर्धं फिरवलं. ते बटण ज्या माईकचं होतं तो माईक त्या दिवशी जोडलेलाच नव्हता. पाटणकर गाऊ लागले आणि पहिल्याच ओळीनंतर अंगठा वर करून म्हणाले, "आता कसं भरून आलं!"

नंतर मी ताईंना विचारलं, "हे फसवणं नाही का?"

"कोणाची फसवणूक झाली?" त्या म्हणाल्या. "त्यांना हवं होतं ते मिळालं, आपल्याला हवं होतं ते मिळालं. माणसाला आपलं ऐकलं गेलं असं वाटलं की अर्धी तक्रार तिथेच मिटते. तक्रार विभागात होते मी."

पण त्यांचंही चुकायचं. एका उन्हाळ्यात ती सूं परत आली. या वेळी वेगळी, वारा वाहावा तशी, जाडसर. गाणी सुरू झाली की यायची, आणि ताईंनी सगळ्यांना गप्प करून तपासायला घेतलं की गायब. त्यांनी बटणं साफ केली, वायरी बदलल्या. मिक्सर घरी नेऊन दिवसभर चालू ठेवला. घरी तो अगदी शहाण्या मुलासारखा वागला. शेवटी माझ्या गाडीत घालून आम्ही तो जुन्या नाशकात अन्सारभाईंकडे नेला. अन्सारभाई आवाजाच्या यंत्रांची दुरुस्ती करतात, दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक बाहेरच उभं राहतं. त्यांनी मिक्सर उघडून बघितला, चालवून बघितला.

"मॅडम, मशीन तंदुरुस्त आहे."

"तुम्ही नीट ऐकलंच नाही."

"ऐकलं ना. काही नाही त्यात."

"मग मी काय स्वप्नात ऐकते?" ताईंचा आवाज चढला. तुमचं लक्ष गिऱ्हाईकांकडे, तुम्हाला कान नाहीत, असं बरंच काही त्या बोलल्या. अन्सारभाई शांतपणे स्क्रू बसवत राहिले. मला फार अवघडल्यासारखं झालं.

त्यानंतर एक-दोन गुरुवारांतच उलगडा झाला. ताई त्या दिवशी उशिरा आल्या, गाणी आधीच सुरू झाली होती, पंखे जोरात चालू होते आणि मागे ती सूं. टेबलावर एक जादा माईक आडवा पडला होता. त्यांनी तो बाजूला करायला उचलला आणि सूं एकदम बदलली. त्या थबकल्या. माईकवर तळवा ठेवला. सूं बंद. तळवा काढला. सूं चालू.

त्या जादा माईकचा आवाज बंद होता, पण त्याची इकोकडे जाणारी वाट वेगळी होती, आणि ती उघडीच राहिली होती. पंख्याचा वारा माईकमध्ये, माईकमधून इकोमध्ये, आणि इको तो वारा घोळवून घोळवून आम्हाला ऐकवत होता. तपासायच्या वेळी ताई पहिल्यांदा पंखे बंद करायला लावत, त्यामुळे तो त्यांना कधी सापडलाच नाही.

त्या खुर्चीवर बसल्या आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. गाणं संपल्यावर मला बाजूला करून माईक हातात घेतला, जो त्या कधी घेत नसत. "आवाज सापडला," त्या म्हणाल्या. "मशीनचा दोष नव्हता. माझा होता." एवढंच बोलून माईक परत दिला.

दुसऱ्या दिवशी त्या अन्सारभाईंकडे जायला निघाल्या. मला म्हणाल्या, चला. वाटेत चिवड्याचा पुडा घेतला. दुकानाबाहेर उभ्या राहून त्यांनी झालेला सगळा प्रकार अन्सारभाईंना सांगितला, पंख्यापासून तळव्यापर्यंत.

"अरे मॅडम, एवढ्यासाठी कोणी परत येतं का?" अन्सारभाई म्हणाले.

"मी येते," ताई म्हणाल्या. "मी बोलले ते या रस्त्यावर उभी राहून बोलले होते. म्हणून इथेच उभी राहून सांगतेय."

अन्सारभाईंनी पुडा तिथेच फोडला आणि शेजारच्या दुकानातून चहा मागवला. पुढे दोघांची चांगली दोस्ती झाली. यंत्राचं काही नवीन आलं की अन्सारभाई ताईंना फोन करायचे आणि ताई "बोला" म्हणायच्या.

आता गायधनींबद्दल सांगायला हवं, कारण निर्मलाताई मला आठवतात त्या बहुतेक वेळा त्यांच्यासोबत.

शरद गायधनी दिंडोरीकडचे, द्राक्षबागेचे मालक. बाग मुलाच्या हाती देऊन ते आणि त्यांच्या पत्नी मंदावहिनी इंदिरानगरात राहायला आले होते. आमच्यात खरा गाणारा माणूस तो एकच. त्यांनी सूर लावला की बाकीचे आपोआप गप्प होत. मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. पूर्ण गेला नाही, पण जो उरला तो वाळल्या पाचोळ्यावरून कोणी चालावं तसा. बरेच महिने ते आले नाहीत. मग एकदा आले आणि दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसले. तेव्हापासून दर गुरुवारी तिथेच बसायचे, टाळ्या वाजवायचे, संपलं की सगळ्यांच्या आधी निघून जायचे.

मंडळाचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला तेव्हा नावांची जुळवाजुळव चालली होती. ताई अचानक म्हणाल्या, "गायधनींचं गाणं धरा."

पाटणकर म्हणाले, "ताई, त्यांना त्रास होईल. लोक टाळ्या वाजवतील, पण दयेने. ते त्यांना कळणार. मला ते बघवणार नाही." पाटणकर हे मनापासून बोलत होते. गायधनी आजारी असताना दवाखान्यात सर्वांत जास्त खेपा त्यांनीच घातल्या होत्या.

"भीती मलाही वाटते," ताई म्हणाल्या. "पण त्यांना विचारायच्या आधी आपण का ठरवायचं?"

विचारलं. गायधनींनी नुसती मान हलवली, नको. ताईंनी त्यांना एका दुपारी घरी बोलावलं, आणि त्यांना घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. ताईंच्या हॉलमध्ये मिक्सर मांडलेला होता. गायधनी माईक हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. मग एक ओळ म्हणाले. ऐकूच येईना. ताईंनी माईक वाढवला.

"ताई, थोडा इको टाका," गायधनी त्या फाटक्या आवाजात म्हणाले. "झाकून जाईल."

"काय झाकायचंय?"

"हेच. हा आवाज."

ताईंनी इको टाकला. आवाज बारीक, म्हणून इको परत घ्यायचं बटणही बरंच वाढवलं. आणि त्याबरोबर ती जुनी सूंही वाढली. खोलीभर झाली. गायधनी ऐकत राहिले.

"बघा," ताई म्हणाल्या. "तुमच्याएवढीच ती मोठी झाली. दोघं एकदम बोलताय. इको काढला तर तुम्ही एकटे उरता. जरा उघडे पडाल, पण तुम्हीच ऐकू याल."

गायधनींनी माईक खाली ठेवला. "मंग नकोच," ते म्हणाले आणि उठले. जिन्यात मी त्यांच्या मागोमाग उतरलो.

पुढच्या गुरुवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. त्यानंतरच्याही. मग मंदावहिनी एकट्याच ताईंकडे आल्या. ताईंनी मला त्यातलं थोडंच सांगितलं, बाकीचं वहिनींनी नंतर सांगितलं. "गाण्याचं जाऊ द्या वो ताई," वहिनी म्हणाल्या होत्या, "घरातबी बोलत नाय हे आता. पाणी पाह्यजे असलं तर पेला वाजवत्यात. नातवाचा फोन आला का फोन माझ्या हातात देत्यात अन् बाल्कनीत जाऊन बसत्यात."

ताईंनी दुसऱ्या दिवसापासून गायधनींना दुपारी फोन करायला सुरुवात केली. ते फोन उचलत नसत. वहिनी उचलायच्या आणि त्यांच्या कानाला लावायच्या. पलीकडून ताई म्हणायच्या, "बोला." आणि थांबायच्या. गायधनी काही बोलायचे नाहीत. ताईही काही बोलायच्या नाहीत. वहिनी सांगत होत्या, लाईन कट झाली का काय म्हणून मी बघायचे, तर नाही, चालूच. मग बऱ्याच वेळाने ताई म्हणायच्या, "बरं, उद्या करते," आणि ठेवायच्या.

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी ताई "बोला" म्हणाल्या, आणि गायधनी चिडून म्हणाले, "काय बोलू? बोलण्यासारखं काय राह्यलंय?"

"झालं की बोलून," ताई म्हणाल्या. "प्रत्येक शब्द कळला मला. फोनवरून कळला. उद्या या."

ते आले. वहिनी बरोबर होत्या. तालमी सुरू झाल्या. ताईंनी त्यांच्या माईकची इकोची वाट पूर्ण बंद ठेवली. गाणं त्यांच्या उरलेल्या आवाजाला झेपेल अशा खालच्या पट्टीत शोधलं. माईक ओठांच्या किती जवळ धरायचा ते दाखवून दिलं. त्या गाण्यातलं काही बोलल्या नाहीत, कारण ते त्यांना येत नव्हतं. फक्त अधूनमधून म्हणायच्या, "हा शब्द गेला. परत." एकदा गायधनी हसून म्हणाले, "ताई, तुम्ही लय छळता." ताई म्हणाल्या, "हे स्पष्ट ऐकू आलं."

कार्यक्रम रविवारी सकाळी होता, शहरातल्या एका छोट्या नाट्यगृहात. खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या होत्या. मिक्सर आम्ही रिक्षाने नेला होता आणि एका विंगेत मांडला होता. मी निवेदनाचे कागद चाळत तिथेच उभा होतो, तर मिक्सरवरून ताईंनी हाक मारली, "अहो निवेदक, गायधनींच्या वेळी आजारपणाचं एक अक्षर बोलायचं नाही. नाव आणि गाणं. बस."

पहिली काही गाणी छान झाली. मग एका युगुलगीताच्या मधेच खरखर सुरू झाली, कोणी कागद चुरगाळत असल्यासारखी. ताईंनी इकोचं बटण हलवून पाहिलं, खरखर वाढली. शून्यावर नेलं, थांबली. पुन्हा वर नेलं, पुन्हा आली. पुढचं गाणं गायधनींचं आणि त्यानंतरचं पाटणकरांचं. पाटणकर समोरच्या विंगेतून धावत आले.

"ताई, इको गेला!"

"गेला नाही, घालवलाय. आता शेवटपर्यंत नाही."

"अहो, इकोशिवाय माझं कसं होणार?"

"गायधनींचं होणार तसंच होईल," ताई म्हणाल्या, आणि मला खूण केली.

मी मंचावर गेलो. "श्री. शरद गायधनी," एवढं म्हणून गाण्याचं नाव सांगितलं आणि बाजूला झालो. संगीत सुरू झालं. गायधनींनी पहिली ओळ घेतली, आणि प्रेक्षकांत चुळबुळ झाली. कोणीतरी मागे म्हणालं, माईक खराब आहे का? मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की माईकला काही झालेलं नाही. माणसं खुर्चीत पुढे सरकली. तो आवाज सुंदर नव्हता. खरबरीत होता, कुठे कुठे नुसता श्वास होता. पण शब्द न शब्द कळत होता, आणि मागे काहीही नव्हतं.

दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी त्यांचा आवाज अडकला. त्यांनी तोंड उघडलं, काही आलं नाही. संगीत पुढे चाललं होतं. एक ओळ गेली, दुसरी गेली. पाटणकर समोरच्या विंगेतून ताईंना हातवारे करत होते, बंद करा, संगीत खाली घ्या, पडदा टाकू. ताईंचा हात संगीताच्या बटणावर होता. त्यांनी बटण हलवलं नाही.

गायधनी वाकले, स्टूलवरचा पेला उचलला, एक घोट घेतला, पेला परत ठेवला. संगीत जिथे पोहोचलं होतं तिथली ओळ त्यांनी पकडली. जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली. आणि तशीच पुढची. आणि गाणं शेवटपर्यंत नेलं.

टाळ्या लगेच आल्या नाहीत. आधी एका कोपऱ्यातून, मग दुसऱ्या, मग सगळीकडून. दयेच्या होत्या की कौतुकाच्या, मला सांगता येणार नाही. थोड्या दयेच्या असणारच. गायधनींनी नमस्कार केला आणि सावकाश विंगेत आले.

त्यानंतर पाटणकर इकोशिवाय गायले, बाकीचेही सगळे इकोशिवायच गायले. प्रत्येक जण आपापल्या वयाचा वाटत होता. त्यात काही वाईट वाटलं नाही.

मध्यंतरात नाट्यगृहाच्या मागे चहाच्या टपरीवर गर्दी होती. गायधनी आणि वहिनी माझ्या पुढे उभे होते. वहिनी सवयीने ऑर्डर द्यायला तोंड उघडणार, तोच गायधनी म्हणाले, "दोन चहा. एक बिनसाखरेचा."

"काय?" चहावाल्याने गोंगाटात कान पुढे केला.

वहिनी पुन्हा बोलायला गेल्या. गायधनींनी त्यांच्या दंडावर हात ठेवला, पुढे वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "दोन चहा, एक बिनसाखरेचा." वहिनींनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि पदराने डोळे टिपले. चहावाल्याने दोन ग्लास पुढे सरकवले.

मी ताईंसाठी चहा घेऊन आत गेलो. त्या मंचामागे जादा वायरी गुंडाळत होत्या, मध्यंतर असूनही. हाताला काहीतरी काम हवं होतं त्यांना.

"ते थांबले तेव्हा तुम्ही बंद का केलं नाही?" मी विचारलं.

"मला काही सुचलंच नाही," त्या म्हणाल्या. "वाटलं, मीच यांना पाडलं. एवढ्या लोकांसमोर पाडलं. आता हे घेऊन मी घरी कशी जाऊ, एवढंच डोक्यात होतं." चहाचा घोट घेऊन त्या म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांचं बोलणं जोडून दिलं. पुढे काय झालं, कळलं नाही कधी. कॉल जोडला की आपण बाजूला. आज पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं."

त्या खरखरीचं कारण अन्सारभाईंनी नंतर शोधलं. इकोच्या भागाकडे जाणारी आतली चपटी वायर रिक्षाच्या हादऱ्याने सैल झाली होती. त्यांनी ती घट्ट बसवून दिली. गायधनी पुढच्या गुरुवारपासून शेवटच्या खुर्चीवरून उठून मिक्सरजवळ बसू लागले. गायचे कधीतरीच, पण ताई कुठलं बटण का फिरवतात ते विचारत राहायचे. ताई त्यांना शिकवायच्या आणि चुकलं की ओरडायच्या. तेही आता उलटून ओरडायचे.

हे शिक्षण बरं झालं, कारण पुढच्या वर्षी ताई नाशिक सोडून गेल्या. येवल्याला त्यांच्या मोठ्या बहिणीला, अक्कांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अक्कांचे यजमान पूर्वीच वारलेले, मूलबाळ नाही. ताईंनी फ्लॅटला कुलूप लावलं आणि दोन पिशव्या घेऊन येवल्याची एसटी धरली. आम्ही निरोपाचं काही ठरवत होतो, त्यांनी ते होऊ दिलं नाही. "मी काय परदेशात चाललेय?" म्हणाल्या. जाण्याआधी मिक्सर पुसून गायधनींच्या ताब्यात दिला.

मी एकदाच त्यांना भेटायला गेलो. येवल्यात त्यांच्या बहिणीचं घर एका अरुंद गल्लीत आहे, दोन्ही बाजूंना पैठणीचे हातमाग. दिवसभर खटखट चाललेली. ताई थोड्या वाळल्या होत्या, पण चाल तीच. अक्का ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. ताईंनी माझी ओळख करून दिली, "अक्का, हे आमचे निवेदक. फार बोलतात." अक्कांच्या तोंडातून एक आवाज निघाला. मला त्यातलं काही कळलं नाही. ताई म्हणाल्या, "ती म्हणतेय, जेवून जा."

मी जेवलो. कांद्याची पात, बाजरीची भाकरी. ताईंनी मंडळाची सगळी चौकशी केली. पाटणकर इको अजून मागतात का, अन्सारभाईंचा गुडघा कसा आहे. मी विचारलं, कंटाळा येत नाही का इथे? त्या म्हणाल्या, "वेळ कुठे आहे? दिवसभर अक्काचं ऐकायचं असतं." मग अक्कांच्या तोंडात भाकरीचा घास भरवून त्यांनी हनुवटीवरचा दूध-भाकरीचा ओघळ पुसला, आणि अक्कांनी डाव्या हाताने त्यांचा हात झिडकारला. दोघी बहिणी एकमेकींवर डोळे वटारून हसल्या.

चार वाजून गेले तेव्हा मी निघालो. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा मिळाली. वळण घेताना मी मागे पाहिलं. ताई ओट्यावर अक्कांच्या खुर्चीशेजारी वाकून उभ्या होत्या. त्यांनी अक्कांचा तो निर्जीव उजवा हात मनगटाशी धरून वर उचलला होता, आणि मी दिसेनासा होईपर्यंत तो माझ्या दिशेने सावकाश हलवत होत्या.